अंश एकच, छेद वेगळे : ऑपरेशननंतर लिव्हर किती उरायला हवं?

अबोली

नमस्कार. धागा घाईत काढतेय, चुकलं तर समजून घ्या.

बाबांना (वय ६३) मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. ते ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण आता लिव्हरमध्ये गाठी आल्यात. दोन मोठ्या, एक लहान. केमो झाली, गाठी थोड्या आटल्या. सर्जन म्हणतात की लिव्हरचा उजवा भाग पूर्ण आणि सेगमेंट ४ चा (त्याला लागून असलेल्या भागाचा) थोडा तुकडा काढला तर सगळ्या गाठी निघतील. प्रश्न आहे तो मागे जे उरेल ते पुरेल का याचा.

सीटीवरून मोजमाप झालं. पहिल्या ठिकाणी रिपोर्ट आला : उरणारं लिव्हर ३९० मिली, २०.५ टक्के, ऑपरेशन धोक्याचं. दुसरं मत घेतलं. तीच सीडी, तेच ३९० मिली, पण आकडा २७ टक्के! आणि सांगितलं की 'थोडं कमी पडतंय, आधी वाढवून घेऊ, मग ऑपरेशन करू.'

घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, दुसरे डॉक्टर ऑपरेशन करायचंच म्हणून आकडा फुगवताहेत. बाबा काहीच बोलत नाहीत, नुसते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसतात. एकाच लिव्हरचे दोन टक्के कसे असू शकतात? कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा.

---

चांदणवेल

अबोली, आधी एक लांब श्वास घे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अशाच आकड्यांनी झोप उडवली होती. इथे जाणकार आहेत, येतील. मी नंतर सविस्तर लिहिते.

---

क्षकिरण

अबोली, मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि हे मोजमाप हा माझा रोजचा उद्योग आहे, म्हणून लिहितो. तुमच्या भावाला सांगा की आकडा कुणी फुगवलेला नाही. अंश एकच आहे, छेद वेगळा आहे.

आधी ३९० कुठून आले ते बघू. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटीत लिव्हरच्या रक्तवाहिन्या उजळून दिसतात. त्या वाहिन्या म्हणजे आमच्या शेताचे बांध. सर्जनला कुठून कापायचं आहे ते विचारून मी प्रत्येक चकतीवर माउसने उरणाऱ्या भागाची कड आखतो. समजा एका चकतीत ते क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर भरलं आणि चकती ५ मिलिमीटर जाडीची असली, तर तिचे झाले २० मिली. अशा सगळ्या चकत्यांची बेरीज म्हणजे ३९०. पित्ताशय वगळायचं, व्हेना कावा ही मोठी शीर वगळायची. हल्ली सॉफ्टवेअर बरंच काम करतं, पण सेगमेंट ४ ची कड मी अजून हातानेच तपासतो. तिथेच चूक होते.

आता छेद. पहिल्या रिपोर्टमध्ये एकूण लिव्हर १९०० मिली धरलंय का बघा. ३९० भागिले १९०० म्हणजे बरोबर २०.५ टक्के. पण त्या १९०० मध्ये गाठीही आल्या. गाठींचे व्यास लिहिलेत का रिपोर्टमध्ये?

---

अबोली

हो, १९०० च आहे! गाठी ८ सेंमी, ६.५ सेंमी आणि २.५ सेंमी.

---

क्षकिरण

मग करू हिशोब. गाठी साधारण गोल धरल्या तर ८ सेंटिमीटरची गाठ २६८ मिली, साडेसहाची १४४, अडीचची ८. बेरीज ४२०. गाठ काम करत नाही, ती लिव्हर नव्हे. तिला छेदात धरणं म्हणजे पडीक जमीन धरून एकरी उत्पन्न काढणं. १९०० मधून ४२० गेले, उरले १४८०. आता ३९० भागिले १४८० करा : २६.४ टक्के.

आणि दुसऱ्यांचे २७ बहुधा तिसऱ्याच छेदाने आलेत. या माणसाच्या अंगलटीला लिव्हर किती असायला हवं, याचं एक सूत्र आहे. शरीराचं पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं, १२६७.२८ ने गुणायचं आणि ७९४.४१ वजा करायचे. उत्तर मिलीमध्ये. व्होथे आणि सहकाऱ्यांनी हे २००२ मध्ये मांडलं. त्याआधी १९९५ मध्ये जपानमध्ये उराता यांचं सूत्र आलं होतं, पण ते धिप्पाड लोकांच्या बाबतीत लिव्हर कमी दाखवतं. गाठी खूप असल्या, प्रत्येकीची कड आखणं अवघड झालं, की मोजलेल्या छेदापेक्षा सूत्राचा छेद भरवशाचा ठरतो.

बाबांची उंची-वजन सांगा.

---

अबोली

१६५ सेंमी, ६८ किलो.

---

क्षकिरण

१६५ गुणिले ६८, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ : १.७६५ चौरस मीटर. सूत्रात घातलं की १४४२ मिली. ३९० भागिले १४४२ म्हणजे २७ टक्के. तुमचा दुसरा रिपोर्ट असा आलाय.

पहिला रिपोर्ट ज्यांनी दिला त्यांचं मोजमाप चुकलेलं नाही. पण कशाचे टक्के ते लिहिलं नाही, आणि गाठी धरून आलेला टक्का गाठी वगळून ठरवलेल्या मर्यादेशी ताडला. ही चूक लहान नाही. तिच्यामुळे बरा होऊ शकणारा माणूस ऑपरेशनविना राहतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी बजावून सांगतो की टक्का लिहिलात तर छेदही लिहा.

---

मोगरा

+१. किती सोपं करून सांगितलंत. मी लिव्हर डोनर आहे, माझ्या वेळी हे कुणी असं समजावलं नव्हतं.

---

रानवाट

मी लिव्हर सर्जरीच्या टीममध्ये आहे. क्षकिरण यांनी टक्का कसा काढायचा ते सांगितलं, मी तो कशाशी ताडायचा ते सांगतो.

निरोगी लिव्हर असेल तर निदान २० ते २५ टक्के मागे उरायला हवं. बरेच महिने केमो झालेली असेल तर ३०. सिरोसिस असेल तर ४०, आणि तेही सिरोसिस सुरुवातीचा असेल तरच. या मर्यादा कुणी देवाघरून आणलेल्या नाहीत. किती उरलं तर किती रुग्णांचं लिव्हर निकामी झालं, हे वर्षानुवर्षं बघून त्या बसलेल्या आहेत. म्हणून २९ म्हणजे मरण आणि ३१ म्हणजे सुखरूप, असं नसतं.

केमोने मर्यादा का वाढते? ऑक्झालिप्लॅटिन या केमोच्या औषधाने लिव्हरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. पोट उघडल्यावर असं लिव्हर निळसर दिसतं, हाताला फुगलेलं आणि ताठ लागतं, आणि कापताना जास्त रक्त सोडतं. इरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाने चरबी आणि सूज येते. मिली तेवढेच, पण प्रत्येक मिलीचं काम कमी. त्यामुळे शेवटच्या केमोनंतर साधारण ४ ते ६ आठवडे थांबतो. अबोली, बाबांचे २७ टक्के ३० च्या खाली आहेत, म्हणून 'वाढवून घेऊ' हा सल्ला मला रास्त वाटतो. अर्थात मी फिल्म बघितलेली नाही, हे लक्षात ठेवा.

आणखी एक तपासा. वजनाच्या मानानेही बघतात. १ मिली लिव्हर साधारण १ ग्रॅम धरलं तर ३९० ग्रॅम म्हणजे ६८ किलोच्या ०.५७ टक्के. निरोगी लिव्हरला ०.५ पुरतं. काठावर आहे.

---

पाणंद

एक प्रश्न, अडाणी वाटला तर माफ करा. लिव्हर परत वाढतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग पाच टक्के इकडे-तिकडे झाले तर काय बिघडलं? वाढेलच की.

---

रानवाट

पाणंद, उलट हाच नेमका प्रश्न आहे.

वाढतं, हे खरं. कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही, उरलेला भाग मोठा होतो. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जोमाने. पण लिव्हरला वाढण्यासाठी सुट्टी मिळत नाही. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त लिव्हरमधून जातं, त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल व्हेनने येतं. पाऊण लिव्हर काढलं म्हणून आतड्यांकडून येणारं रक्त कमी होत नाही. चार दारांची गर्दी एका दारातून घुसते. आतल्या नाजूक पोकळ्यांवर दाब येतो, पेशी फाटतात. आणि त्याच वेळी त्याच पेशींनी रक्त गोठवणारी प्रथिनं करायची, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) बाहेर टाकायचं, साखर सांभाळायची, शिवाय स्वतः विभागायचं. भाग फारच लहान असेल तर हे जमत नाही. वाढ सुरू होते, पण माणूस तोवर तग धरत नाही.

---

दीपमाळ

हे आयसीयूत डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहिते. मी नर्स आहे.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस बहुतेकांचे आकडे बिघडतात, त्याने आम्ही घाबरत नाही. आमचा पाचवा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी बिलिरुबिन ३ च्या आसपास किंवा वर आणि प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची ताकद सांगणारी तपासणी) निम्म्याच्या खाली, असं दोन्ही एकदम असलं तर सगळे गंभीर होतात. याला ५०-५० निकष म्हणतात (तिथे बिलिरुबिन ५० मायक्रोमोल मोजतात), २००५ मध्ये तो मांडला गेला. त्या मूळ अभ्यासात दोन्ही निकषांत बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावले होते.

लिव्हर कमी पडत असलं की ते आरडाओरडा करत नाही. माणूस आदल्या दिवशी बोलत असतो, दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला जरा वेळ लावतो. डोळ्यांत पिवळसर झाक येते. ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतलं) पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. नातेवाईक म्हणतात 'दमलेत, झोपू द्या.' मी तेव्हा त्यांना हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगते. पंजे फडफडले की डॉक्टरांना फोन.

म्हणून ऑपरेशनआधी महिनाभर थांबून वाढवून घ्यायला सांगत असतील तर थांबा. तो महिना वाया जात नाही.

---

मोगरा

माझा अनुभव, दुसऱ्या बाजूचा. मी भावाला उजवा भाग दिला. दात्याचं गणित दुहेरी असतं : माझ्याकडे पुरेसं उरलं पाहिजे आणि त्याला पुरेसं मिळालं पाहिजे. माझं एकूण ११५० मिली, उजवा भाग ७२०, म्हणजे मागे ४३०, साधारण ३७ टक्के. दात्याकडे निदान ३० लागतात. भाऊ ७४ किलोचा, त्याला घेणाऱ्याच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी हवं होतं, ते ०.९७ भरत होतं.

प्रत्यक्षात टेबलावर वजन केलं तेव्हा ६५० ग्रॅमच भरलं. मला नंतर कळलं तेव्हा पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, सीटीत लिव्हर रक्ताने भरलेलं असतं, बाहेर काढल्यावर निथळतं, त्यामुळे साधारण दहावा हिस्सा कमी भरतोच. ते हे धरूनच चालले होते. तेवढा तरी पुरला, देवाची कृपा.

मधली हिपॅटिक व्हेन कुणाकडे ठेवायची यावर त्यांची बरीच चर्चा झाली होती. ती माझ्याकडेच ठेवली. का ते तेव्हा कळलं नव्हतं.

---

रानवाट

मोगराताई, कारण सेगमेंट ४ चं रक्त बहुतांशी त्या व्हेनने बाहेर पडतं. ती गेली तर तुमच्या ४३० मधला तो भाग रक्ताने तुंबून बसला असता. सीटीवर मिली भरले असते, कामाला आले नसते. कूइनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने लिव्हरचे आठ सेगमेंट मांडले ते यासाठीच उपयोगी पडतात : प्रत्येकाला स्वतःचं येणारं रक्त आणि स्वतःची पित्तनलिका, आणि सेगमेंटांच्या मधून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन. उरणाऱ्या भागाला या तिन्ही गोष्टी शाबूत हव्यात. आत येणारं रक्त, बाहेर जाणारं रक्त, पित्ताची वाट. एक जरी नसली तर टक्का कागदावरच राहतो.

---

चांदणवेल

आता माझं. यजमानांना सिरोसिस आणि त्यात उजव्या बाजूला ४ सेंमीची गाठ. उजवा भाग काढला तर ३८ टक्के उरणार होतं. मी सगळीकडे वाचलं होतं की २५ पुरतात, आणि मला कळेना की ३८ असून नकार का. त्या डॉक्टरांवर मी फार चिडले होते, आज त्याचं वाईट वाटतं.

त्यांनी एक हिरवं औषध शिरेतून दिलं, इंडोसायनिन ग्रीन. ते फक्त लिव्हरच रक्तातून काढून टाकतं. १५ मिनिटांनी किती शिल्लक आहे ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर मोठं ऑपरेशन झेपतं. यांचं १८ आलं. शिवाय प्लेटलेट ९० हजार, म्हणजे पोर्टलचा दाब वाढलेला असण्याची शक्यता. डॉक्टर म्हणाले, 'हे लिव्हर दिसायला ३८ टक्के आहे, वागायला नाही.' मग उजवा भाग न काढता गाठीपुरता थोडाच तुकडा काढला. आज ते या खोलीत बसून पेपर वाचताहेत.

---

क्षकिरण

चांदणवेल यांनी लिहिलं ते फार मोलाचं आहे. माझ्या मशीनला आकार कळतो, काम कळत नाही. हिरव्या औषधाच्या त्या तक्त्यामागे जपानचे लिव्हर सर्जन माकुउची यांचं काम आहे : पोटात पाणी नसावं, बिलिरुबिन वाढलेलं नसावं, आणि मग १५ मिनिटांच्या आकड्यावरून किती कापता येईल ते. १० च्या आत अर्ध्याहून जास्त, १० ते १९ असेल तर साधारण एक तृतीयांश, २० ते २९ असेल तर एखादा सेगमेंट, त्यापुढे फक्त गाठीपुरतं. पण हिरवं औषध अख्ख्या लिव्हरचं काम सांगतं. फक्त उरणाऱ्या भागाचं काम बघायचं तर मेब्रोफेनिन या किरणोत्सारी औषधाचा न्यूक्लिअर स्कॅन करतात. त्यात उरणाऱ्या भागाने मिनिटाला, दर चौरस मीटर पृष्ठफळामागे, २.७ टक्के औषध उचललं तर पुरेसं मानतात. कावीळ असेल तेव्हा दोन्ही तपासण्या फसवतात, आधी पित्ताची वाट मोकळी करावी लागते.

अबोली, वजनाबद्दल एक राहिलं. सूत्रात ६८ घातले म्हणून २७ आले. हेच बाबा ५६ किलोचे असते तर तेच ३९० मिली ३१.६ टक्के झाले असते, म्हणजे कागदावर पास! आणि अंगावर सूज येऊन ८० झाले असते तर २३.९. लिव्हर तसूभर बदललेलं नाही. म्हणून ६८ हे या आठवड्यात काट्यावर घेतलेलं वजन आहे, की जुन्या फायलीतलं?

---

अबोली

बापरे. जुन्या फायलीतलं असेल असं वाटून आत्ता बाबांना काट्यावर उभं केलं. ६७.५. हुश्श.

भावाने सगळा धागा वाचला. आता तो विचारतोय, वाढवणार म्हणजे नेमकं काय करणार?

---

रानवाट

पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन. सोनोग्राफीत बघत कातडीतून सुई लिव्हरमध्ये घालतात, पोर्टल व्हेनची उजवी फांदी गाठतात आणि ती आतून बंद करतात. सगळं रक्त डावीकडे वळतं. आतड्यांकडून येणारं रक्त वाढीचे संदेश घेऊन येतं, त्यामुळे डावा भाग वाढायला लागतो, उजवा आक्रसतो. ही कल्पना १९८० च्या दशकात जपानमध्ये रुजली, त्यातही माकुउची होते. रुग्णाला एक-दोन दिवस बारीक ताप, थोडं दुखणं, इतकंच बहुतेकदा.

मग ३ ते ६ आठवड्यांनी पुन्हा सीटी. तेव्हा नुसतं किती वाढलं हे बघू नका, किती वेगाने वाढलं तेही विचारा. आठवड्याला २ टक्क्यांहून जास्त वेग असेल तर पुढे लिव्हर निकामी होण्याचा धोका फार कमी होतो. मला स्वतःला मिलीपेक्षा हा वेग जास्त पटतो, कारण ती त्या लिव्हरची खरी परीक्षा असते. महिनाभर थांबूनही जे लिव्हर वाढत नाही, ते ऑपरेशननंतर वाढेल अशी आशा कशावर धरायची? मधुमेह, सिरोसिस असेल तर वेग मंदावतो. आणि या काळात गाठीही वाढू शकतात, हे बाबांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

याहून झटपट वाढ करणारी दोन टप्प्यांची एक पद्धत आहे, एएलपीपीएस नावाची. पहिल्या ऑपरेशनमध्ये पोर्टल बांधून लिव्हर मधून विभागतात, दीड आठवड्याच्या आसपास दुसरं ऑपरेशन. जर्मनीत रेगेन्सबुर्गला २००७ मध्ये ती सुरू झाली. वाढ थक्क करणारी होते, पण सुरुवातीच्या काळात मृत्यूही बरेच झाले. ३ टक्के कमी पडत असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

---

अबोली

३ आठवड्यांनी लिहितेय. एम्बोलायझेशन झालं, दोन दिवस ताप आला, मग उतरला. आजच्या सीटीत ३९० चे ४९० मिली झालेत! रिपोर्ट जसाच्या तसा : '४९० मिली, सूत्राने काढलेल्या १४४२ मिलीच्या ३४ टक्के.' छेद लिहा असं मी आधीच सांगून ठेवलं होतं.

---

क्षकिरण

२७ चे ३४, तीन आठवड्यांत ७. आठवड्याला २.३. छान.

---

अबोली

ऑपरेशन झालं. आज पाचवा दिवस. बिलिरुबिन १.७, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.३. ड्रेन कमी होतोय. दीपमाळताई, सकाळी बाबांना मी पंजे ताठ धरायला सांगितलं, तर म्हणाले, 'कशाला?' आणि धरले. अजिबात हलले नाहीत.